मॅकरॉन त्याच दिवशी संपवू नका

‘अंड्याचं पांढरं तीन दिवस बाहेर ठेवून मुरवल्याशिवाय मॅकरॉन होत नाहीत. हवा दमट असेल तर करायलाच घेऊ नका. आणि केले की त्याच दिवशी संपवा, फ्रिजमध्ये मऊ पडून वाया जातात.’ मॅकरॉन म्हणजे बदामपूड, साखर आणि फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याच्या दोन गोल कवचांमध्ये सारण भरलेली फ्रेंच मिठाई. तिच्याबद्दलचा हा सल्ला जिथे तिथे फिरतोय आणि तो वाचून कितीतरी जण हात लावायच्या आधीच माघार घेतात, म्हणून हे लिहितेय.

आधी अंड्याचं. पांढरं ठेवून दिलं की त्यातलं थोडं पाणी उडतं, ते सैल होतं आणि लवकर फुलतं, हे बरोबर. पण ताजं पांढरंही छान फेटलं जातं. ते खोलीच्या तापमानाला आणा, चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर (फेस टिकवणारी आंबट पूड) घाला, साखर थोडी थोडी घाला. भांड्याला तुपातेलाचा किंवा पिवळ्या बलकाचा अंशही नको, कारण फेस बसतो तो त्यानेच. कच्चं पांढरं तीन दिवस बाहेर ठेवणं मात्र धोक्याचं आहे. त्यात साल्मोनेलासारखे जिवाणू वाढू शकतात. मुरवायचंच असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

दमट हवेत वेळ जास्त लागतो, इतकंच. ट्रेवर घातलेल्या मिश्रणाच्या गोलांवर पातळ साय धरावी लागते. ती धरली की ओव्हनमध्ये वाफेला वरून वाट मिळत नाही, ती खालून निघते, कवच उचललं जातं आणि तळाशी ती सुंदर झालर येते. साय नसेल तर वरचा भाग तडकतो. कोरड्या हवेत अर्ध्या तासात होणाऱ्या कामाला दमट हवेत तास-दीड तास लागेल. घड्याळाकडे नको, बोटाकडे बघा: हलकेच टेकवल्यावर मिश्रण चिकटलं नाही की ट्रे आत. पंखा लावा. तरीही जमत नसेल तर इटालियन पद्धत घ्या. तिच्यात ११८ अंश सेल्सिअसपर्यंत उकळलेला साखरेचा पाक फेटलेल्या पांढऱ्यात ओततात, त्यामुळे फेस जास्त घट्ट आणि टिकाऊ होतो.

आता ‘त्याच दिवशी संपवा’. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, कारण यामुळे लोक मॅकरॉन त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी खातात. नुकतंच भरलेलं मॅकरॉन चावून बघा: कवच कुडकुडीत, दात लागताच तुकडे पडतात आणि सारण बाजूने बाहेर येतं. तेच हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये चोवीस तास ठेवा. सारणातला ओलावा हळूहळू कवचात शिरतो, आतला भाग मऊ आणि किंचित चिवट होतो, वरचा पातळ पापुद्रा तेवढा नाजूक खुसखुशीत राहतो. मॅकरॉन म्हणतात ते याला. किंचित पोकळ राहिलेली किंवा जरा जास्त भाजलेली कवचंही या मुरण्याने बरीच सावरतात.

मग काहींचे लगदा का होतात? बहुतेक वेळा सारण पातळ असतं म्हणून. जॅम थेट भरू नका. कडेने गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट सारण) किंवा बटरक्रीमचं कडं घाला आणि जॅम मधोमध ठेवा. दुसरं कारण म्हणजे डबा फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडणं. गार कवचावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते आणि ते चिकट होतं. डबा अर्धा तास बंदच राहू द्या, मग झाकण काढा.

फ्रीझरमध्ये तर गनाश किंवा बटरक्रीम भरलेले मॅकरॉन हवाबंद डब्यात महिनाभर चांगले राहतात, नुसती कवचंही राहतात. आदल्या रात्री बंद डबा फ्रीझरमधून फ्रिजमध्ये सरकवायचा, बस.

त्या सल्ल्यातलं एकच मी मान्य करते: फेटलेलं ताजं क्रीम किंवा कस्टर्ड भरलं असेल तर फार दिवस ठेवू नका. ते फ्रिजमध्येच ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.