पेटी सावकाराची, नावं कुळांची

जुन्या बाजारात विकायला येणारी प्रत्येक लिहायची पेटी कुठल्यातरी संस्थानिकाच्या वाड्यातलीच असते. एवढ्या पेट्या होत्या तर सांगलीचे संस्थानिक पटवर्धन सरकार कारभार कधी बघायचे, हे विकणाऱ्याला कुणी विचारत नाही. माझ्या पेटीचंही त्याने तेच सांगितलं. सागवानी, उतरत्या झाकणाची, बैठकीवर मांडी घालून पुढ्यात ओढायची. आत दौतीचा चौकोनी खण आणि बोरूसाठी लांबट खाच. २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या एका घरात भिजलेली, म्हणून स्वस्तात मिळाली.

जुने सुतार सांधे सरसाने जोडायचे. सरस हाडा-कातड्याचा, पाण्यात मुरला की सुटतो. तळ असाच निखळला होता आणि खणांतलं कागदी अस्तर फुगून त्याचे पदर सुटले होते. मिरजेत तंबोऱ्यांना पॉलिश करणाऱ्या एका कारागिराला दाखवली, तर म्हणाला, "पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही साहेब. डाग गेले की ही पेटी कालची झाली." सांधे पुन्हा सरसानेच बसवले. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ हात कापसाच्या बोळ्याने दिले, तेही बाहेरून. आतले शाईचे डाग आहेत तसेच आहेत. जुनं लाकूड तासून, काचेसारखं चकचकीत करून फोटो टाकणाऱ्यांचा मला राग येतो, तो त्यासाठीच.

खरी गंमत अस्तरात होती. रद्दी कागद खळीने एकावर एक चिकटवलेले, बहुतेक मोडीत. त्यात पाचव्या जॉर्जच्या छापाचा स्टॅम्पपेपर निघाला. हा राजा १९१० ते १९३६ गादीवर होता. म्हणजे अस्तर १९१० च्या आधीचं नाही. पेटी मात्र कितीही जुनी असू शकते. दुसरं म्हणजे हा छाप ब्रिटिश मुलखातला. सांगली संस्थानचे स्टॅम्प वेगळे असायचे. मग पेटी आली कुठून? आजचा सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा निघाला, त्याआधी शिराळा, वाळवा, तासगाव हे सगळं साताऱ्यात. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी गावाचं नाव लावलं आणि ते शिराळ्याकडचंच निघालं. कागद कर्जाचे होते. देणारा प्रत्येक कागदावर एकच, घेणारे निरनिराळे. देणाऱ्याच्या आडनावाचं घर गावभागात, पेटी भिजली त्याच गल्लीत, अजून आहे.

म्हणजे मालक सावकार. ही बातमी ऐकून आमच्या ग्रुपवरच्या हेरिटेजप्रेमींचा उत्साह एकदम ओसरला. कुणी कवी, गेला बाजार एखादा दिवाण तरी निघायला हवा होता म्हणे!

मला विचाराल तर हाच मालक जास्त मोलाचा. शिराळ्याच्याच भागात, कोकरूडला, १८७५ च्या सप्टेंबरात लोकांनी सावकाराचं घर लुटून त्याच्या वह्या जाळल्या होत्या. सावकारांविरुद्धच्या या दख्खनच्या दंग्यांत पुणे जिल्ह्यातलं सुपं गाव सगळ्यांना पाठ असतं, आपलं कोकरूड कुणाला आठवत नाही. त्या दंग्यांनंतर १८७९ चा कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी. कर्जखतावर आकडा काहीही असो, मूळ मुद्दल किती आणि व्याज किती चढवलं हे कोर्टाला खोदून बघता येऊ लागलं. लोकांनी आग लावली ती असल्याच पेट्यांतल्या कागदांना.

सावकाराच्या नातवांना भेटलो. ऐंशीच्या घरातले, स्वभावाने अगदी मऊ. पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आजोबांचीच. पण मला नको. गावात गेलो की अजून लोक आधी आडनाव विचारतात आणि मग गप्प बसतात." त्यांचं नाव म्हणूनच इथे लिहीत नाही.

आपण पेटीचा मालक शोधतो आणि तिथेच थांबतो, हे मला पटत नाही. अस्तरात मालकाचं नाव एक आहे, कर्ज घेणाऱ्या कुळांची कितीतरी. सही न येणाऱ्यांची निशाणी नांगर, निशाणी अंगठा. त्यांच्या वंशजांना ही पेटी कुणी अँटिक म्हणून दाखवायला गेलं तर ते काय बोलतील? एका घरापर्यंत पोचलोय. तिथल्या दादांनी पेटी पाहिलीसुद्धा नाही, कागदाचा फोटो मात्र लगेच मागून घेतला आणि गहाण टाकलेलं शेत कुठलं तेवढंच विचारलं.

दोन खणांचं अस्तर अजून वाचायचं आहे. गुरुजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. शिराळा म्हणजे बत्तीस शिराळा भागातली गावं आणि जुनी शेतांची नावं माहीत असलेलं कुणी मोडी वाचत असेल तर मेसेज करा. फोटो पाठवतो.