बारा तासांची कोयना आणि आठ तासांची ती स्विस गाडी

आज दुपारपासून डोकं फिरलंय ते अजून जाग्यावर आलेलं नाही, म्हणून इथं लिहितेय. लांबलचक होणार आहे. कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढं सरकावं.

भाचा आणि त्याची बायको स्वित्झर्लंडहून परत आलेत. रविवार म्हणून जेवायला बोलावलं. तांबडा-पांढरा झाला, सुक्कं झालं, मग टीव्हीला मोबाईल जोडून फोटो दाखवायचा कार्यक्रम. त्यात निम्मे फोटो ग्लेशियर एक्स्प्रेसचे, झरमॅट ते सेंट मॉरित्झ. "मावशी, आठ तास! आठ तास खिडकीतनं नजर हलली नाही बघ. पैसे वसूल." मीही कौतुकानं बघत होते, खोटं कशाला बोलू. पूल बघितले, बोगदे बघितले, बर्फ तर पोटभर बघितला. मग सहज म्हटलं, मी पुढच्या आठवड्यात मुंबईला निघालेय, कोयनेनं, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या दिवसाच्या कोयना एक्स्प्रेसनं. तर हाच पोरगा म्हणतो, "कोयनेनं? बारा तास? मावशी, वेड लागलंय का तुला?"

आता मला सांगा, राग येईल का नाही?

ती स्विस गाडी स्वतःची जाहिरात काय करते माहीत आहे? जगातली सगळ्यात हळू एक्स्प्रेस! अभिमानानं. २९१ किलोमीटरला आठ तास. भागाकार करा, तासाला छत्तीस-सदतीस किलोमीटर. आमची कोयना पाचशेच्या वर किलोमीटर बारा तासांत कापते, वाटेत पन्नास ठिकाणी श्वास घेऊन. म्हणजे पोरा, तू लाखो रुपये घालून ज्या गाडीत बसलास ती माझ्या कोयनेपेक्षा हळू धावते. फरक एवढाच की तिथं तिकिटावर सीट रिझर्वेशनचे पैसे वेगळे मोजलेस, म्हणून तुला ते हळू जाणं गोड लागलं.

मी त्या गाडीला नावं ठेवत नाहीये. उलट तो गेल्यावर मी तिच्याबद्दल बसून वाचलं आणि आणखीनच चिडले. १९३० च्या जूनमध्ये ती पहिल्यांदा धावली. २९१ पूल, ९१ बोगदे. ओबरआल्प खिंडीत ती २,०३३ मीटरवर चढते, आणि चढ इतका खडा की काही ठिकाणी रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी टाकलीय, इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकून वर सरकतं. पहिली पन्नासेक वर्षं गाडी फक्त उन्हाळ्यात चालायची, कारण फुर्का खिंडीत बर्फ. तिथला एक पूल तर हिमकड्यांच्या भीतीनं दर वर्षी थंडीआधी उघडून ठेवायचे आणि वसंतात परत जोडायचे! दर वर्षी! इकडं पंचगंगेला पाणी चढलं की रुकडीच्या पुलापाशी गाड्या थांबतात, २०१९ ला थांबल्या, २०२१ ला थांबल्या. पुराला कोण काय करणार, ते मान्य.

मग १९८२ मध्ये त्यांनी फुर्काच्या पोटातनं पंधरा किलोमीटरचा बोगदा काढला आणि गाडी बारमाही झाली. पण गंमत बघा, ज्या ऱ्होन ग्लेशियरवरनं गाडीला नाव पडलं, तो ग्लेशियर त्या दिवसापासून गाडीतनं दिसेनासा झाला. (आमच्या कोयनेचं तेच. रूळ कऱ्हाडला कृष्णेच्या अलीकडनं जातात, कोयना नदी काही कोयना एक्स्प्रेसला दिसत नाही. आमच्या नशिबी अंकलीचा कृष्णेचा पूल.) तर त्या लोकांनी काय केलं? जुना घाटातला रस्ता भंगारात घातला नाही. हौशी माणसं पुढं आली, सुट्टीच्या दिवशी जाऊन रूळ दुरुस्त केले, आणि १९४७ साली व्हिएतनामला विकलेली त्या मार्गाची वाफेची इंजिनं १९९० मध्ये परत आणली. व्हिएतनाममधनं! २०१० पर्यंत तो सगळा जुना मार्ग पुन्हा चालू.

आणि ती सगळी लाईन कुठल्या गेजची? मीटरगेज, दोन रुळांत एक मीटर अंतर. आमच्या कोल्हापूरची होती तीच. १९७१ ला आमचं ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचं, झालं, ते व्हायलाच पाहिजे होतं, नाहीतर पुण्यात उतरून गाडी बदलत बसलो असतो आणखी किती वर्षं. पण त्या मीटरगेजची आठवण आम्ही कुठं ठेवलीय ते विचारू नका, मला परत राग येईल.

आता आईची गोष्ट सांगते. भाच्यानं ही ऐकलेलीच नाही, आणि ती त्याचीच आजी.

मी कॉलेजला होते. दादाला मुंबईत नोकरी लागली म्हणून आई, बाबा आणि मी निघालो. आई तोवर मुंबईला गेली ती महालक्ष्मी एक्स्प्रेसनंच, रात्रीची. झोपायचं आणि दादरला उठायचं. दिवसाची गाडी तिनं पहिल्यांदाच धरली. जयसिंगपूर सोडल्यापासून तिचं सुरू झालं. भिलवडी आली, "हितं तुझ्या थोरल्या मावशीला बघायला आलेल्यांचं गाव." किर्लोस्करवाडी आली, "हितलं एक स्थळ कारखान्यात होतं, पोरगा चांगला होता, पत्रिका जुळली न्हाई." ताकारी, शेणोली, मसूर, सगळीकडं कुणाचं ना कुणाचं लग्न जुळलेलं किंवा मोडलेलं. सगळी लाईन तिला पाठ होती आणि तिनं एकदाही डोळ्यांनी बघितली नव्हती.

रहिमतपूरला गाडी क्रॉसिंगला थांबली. तेव्हा सगळा सिंगल ट्रॅक, समोरची गाडी येईपर्यंत हलायचं नाही. आई उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. मी मागं गेले. "कुणाला शोधतीस?" म्हटलं. "कुणाला न्हाई. गाव बघतोय." मग बऱ्याच वेळानं तिनं सांगितलं की तिचं स्वतःचं पहिलं स्थळ रहिमतपूरचं होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती, देण्याघेण्यावरनं मोडलं. बघत राहिली, बघत राहिली, आणि म्हणाली, "बरं झालं मोडलं. काय मेलं हे स्टेशन."

बाबा समोरच्या बाकावर घोरत होते.

आता सांगा, हे कुठल्या वंदे भारतमध्ये झालं असतं? २०२४ च्या सप्टेंबरात आमची पुण्याची वंदे भारत सुरू झाली, आम्हीही टाळ्या वाजवल्या. मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कऱ्हाड, सातारा, की थेट पुणे. कुणाला पुण्याला दवाखान्यात न्यायचं असेल तर ती बरी, एवढं कबूल करते. पण तिला रहिमतपूर म्हणजे खिडकीतनं सर्रकन गेलेली पिवळी पाटी. ती पाटीसुद्धा वाचून होत नाही.

आणि आमच्याच लोकांना ह्या लाईनची किंमत नाही, रेल्वेला काय बोलायचं! कोल्हापूर-मिरज लाईन म्हणजे कुणी साहेबानं उपकार म्हणून दिलेली गोष्ट नव्हे. १८८८ ला शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा मुहूर्त झाला, राज्यकारभार हातात यायचा होता, वय चौदासुद्धा पूर्ण नव्हतं. खर्च संस्थानाचा. १८९१ ला गाडी कोल्हापुरात आली. स्टेशनला महाराजांचं नाव आहे, आपण तिथं सेल्फी काढतो आणि म्हणतो, शी, बारा तास. वळिवडे स्टेशन किती जणांनी उतरून बघितलंय? दुसऱ्या महायुद्धात तिथं हजारो पोलिश लोकांची छावणी होती, बायका आणि पोरंच जास्त. आज त्या जागेला आपण गांधीनगर म्हणतो आणि कपडे घ्यायला जातो. शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या, म्हणजे साताऱ्याकडच्या भूमिगत क्रांतिकारकांच्या, तुफान सेनेनं इंग्रजांची पगाराची गाडी अडवून लुटली, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊंच्या पुढाकारानं. माझ्या भाच्याला त्या स्विस लाईनीवरचा लांडवासर पूल किती मीटर उंच ते पाठ आहे (६५), शेणोली कुठाय ते माहीत नाही.

सह्याद्री एक्स्प्रेसचं तर नाव काढू नका. कोरोनात बंद झाली, मग किती दिवसांनी परत सोडली ती पुण्यापर्यंतच. मुंबईला प्लॅटफॉर्म मोकळा नाही म्हणे. कोल्हापूरहून कोकणात वैभववाडीला जायची लाईन २०१६ च्या रेल्वे बजेटात होती, अजून मी तिचा एक रूळ बघितलेला नाही. ती झाली असती तर सह्याद्रीचा डोंगर उतरून कोकणात जाणारी गाडी मिळाली असती आपल्याला, आणि मग बघितलं असतं स्वित्झर्लंड. जाऊ दे. बीपी वाढतंय.

देखावा म्हणून म्हणाल तर कोयनेत काय कमी आहे? वाठार सोडलं की आदर्कीचा घाट, वळणं अशी की खिडकीतनं आपल्याच गाडीचं इंजिन दिसतं. आईनं ते बघून मला कोपर मारलं होतं, "आगं, ती आपलीच का?" लोणंदनंतर नीरेचं पात्र. जेजुरीला डोंगरावरचा खंडोबा, तिथं अख्खा डबा हात जोडतो, जानवेवाला असो नाहीतर टोपीवाला. मग शिंदवण्याची वळणं. पुण्यानंतर सगळे पेंगायला लागतात आणि लोणावळ्याला परत जागे होतात, कारण बोरघाट. १८६३ चा घाट आहे तो, गाडीला आजही परतीला कर्जतला मागनं जादा इंजिनं जोडावी लागतात. पावसाळ्यात तिथं जे दिसतं त्याला त्या बर्फाची सर... बर्फ मी प्रत्यक्ष बघितलेला नाही, म्हणून एवढ्यावर थांबते.

हो, कोयनेचा संडास. सगळे हेच म्हणणार, म्हणून मीच म्हणते. वाईट असतो. पुढं बोला.

एक खरं सांगू? टाईप करता करता राग थोडा उतरलाय. पोरगं वाईट नाही. त्याला कुणी दिवसाच्या गाडीत बसवलंच नाही. त्याच्या आईबापानं रात्रीची व्होल्वो धरली, मग स्वतःची कार घेतली, मग हायवे चौपदरी झाला. माझ्या आईबरोबर तो कधी खिडकीत बसला नाही. रहिमतपूर त्याला गुगलच्या नकाशावरचं एक टिंब. आईनं त्या दिवशी दारात जायच्या आधी पदर नीट केला होता, केस हातानं चापून घेतले होते. हे मला तेव्हा दिसलं पण कळलं नाही. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलेय, आता कळतं. परत येताना तिनं बाबांना पलीकडच्या बाजूला बसवलं आणि रहिमतपूर आलं तेव्हा त्यांना शेंगा सोलायला दिल्या.

मुंबई-पुण्याच्या डेक्कन एक्स्प्रेसला २०२१ पासून काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा आहे. आमच्या कोयनेला का नाही, असं निवेदन द्यावं असं मनात आलं होतं. पण त्या डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. एसी. शेंगांची टरफलं कुठं टाकणार? (गाडीबाहेर टाकू नये, माहीत आहे, शिकवू नका.) त्यामुळं निवेदन नको. साधेच डबे द्या, धुतलेले द्या, आणि क्रॉसिंग संपलं, ट्रॅक डबल झाला म्हणून छोटे थांबे काढून टाकू नका. मी भांडेन त्यावरनं, आधीच सांगून ठेवते.

कमेंटमध्ये "विमानानं जा की" असं लिहिणाऱ्यांना उत्तर देणार नाही. ज्यांच्या घरी मीटरगेजच्या वेळचे फोटो असतील त्यांनी मात्र जरूर टाका, रुकडी-हातकणंगले बाजूचे असले तर फारच बरं. आजोबा-पणजोबा रेल्वेत होते असेही कुणीतरी असतीलच इथं. आता कुकरच्या शिट्ट्या होताहेत, बाकीचं भांडण रात्री.