नागपूरचे 'रघुजी राजे' एक नव्हे, तीन

लंडनच्या लिलावातली रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये राज्य सरकारने परत आणल्यापासून नागपुरातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: याच रघुजींनी बंगाल जिंकला, आडगावला इंग्रजांशी झुंज दिली आणि ते निपुत्रिक वारल्याने राज्य खालसा झालं. हे सगळं एकाच माणसाने करायचं, तर त्याला शंभराहून जास्त वर्षं राज्य करावं लागेल!

तलवार पहिल्या रघुजींची मानली जाते. बंगालच्या स्वाऱ्या त्यांच्याच काळातल्या. १७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दीखानाने वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली. ते १७५५ मध्ये वारले.

आडगावची लढाई १८०३ ची, म्हणजे त्यांच्या नातवाची. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली जुनी रीत, त्यातूनच हा घोळ. या लढाईनंतर इंग्रजांशी झालेल्या देवगावच्या तहात कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला, तोही या दुसऱ्या रघुजींच्या हातून. स्वारी आजोबांच्या नावावर आणि पराभवही त्यांच्याच माथी, हा तर अन्यायच झाला.

तिसरे मूळचे बाजीबा, दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा. नागपूरचे तेव्हाचे राजे आप्पासाहेब यांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर १८१८ मध्ये ते गादीवर आले, तेव्हा रघुजी झाले. डिसेंबर १८५३ मध्ये ते वारले आणि इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये नागपूर खालसा केलं.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर पहिला, दुसरा, तिसरा एवढं तरी लिहा.