तिकिटावरचा पहिला खेळाडू सचिन नव्हे

सचिनचा वाढदिवस आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. 'टपाल तिकिटावर झळकलेला सचिन हा पहिला भारतीय खेळाडू. हयातीत तिकीट निघालेला, मदर तेरेसांनंतरचा दुसराच भारतीय. त्याच्याआधी टपाल खात्याला खेळ दिसलाच नव्हता.' मदर तेरेसांचा दाखला तर २०१३ साली बातम्यांतही आला होता. तिन्ही विधाने चुकीची आहेत. ती खोडल्याने सचिनचे काही उणे होत नाही, पण तशीच राहू दिली तर त्याच्याआधीच्या माणसांवर अन्याय होतो.

पहिला खेळाडू? सचिनची तिकिटे निघाली १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, वानखेडेवर त्याची दोनशेवी कसोटी सुरू झाली त्या दिवशी. क्रिकेटपटू रणजितसिंहजींचे तिकीट त्याच्या चाळीस वर्षे आधीचे, १९७३ चे. ध्यानचंद यांचे १९८० चे, पहिल्या स्मृतिदिनी काढलेले. १९९६ मध्ये तर एकदम चार क्रिकेटपटू आले: सी. के. नायडू, विनू मंकड, विजय मर्चंट आणि पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर.

हयातीतला दुसरा भारतीय? हे वाचून मला खरेच वाईट वाटते, कारण विसर पडलाय तो महर्षी कर्व्यांचा. १८ एप्रिल १९५८ रोजी अण्णांनी शंभरी गाठली आणि त्याच दिवशी त्यांचे पंधरा नव्या पैशांचे तिकीट निघाले. त्यानंतरही ते चार वर्षांहून अधिक जगले. १९६० मध्ये विश्वेश्वरय्या, तेही शंभराव्या वाढदिवशी. १९६२ मध्ये निवृत्त होताना राजेंद्रप्रसाद, १९७४ मध्ये व्ही. व्ही. गिरी. मदर तेरेसांचे तिकीट १९८० चे, म्हणजे या चौघांनंतरचे. मराठी माणसानेच हा मजकूर पुढे ढकलावा, हे तर फारच लागते.

आता तिसरा मुद्दा, खेळ दिसलाच नव्हता हा. खेळ होता, पण त्याला चेहरा नव्हता. १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हाच्या तिकिटांवर मशाल आणि नकाशा आहे, खेळाडू नाही. १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झाल्याची तिकिटे आली. १९६६ च्या डिसेंबरात बँकॉकला आपण पाकिस्तानला १-० हरवून आशियाई स्पर्धांतले हॉकीचे पहिले सुवर्ण जिंकले आणि वर्ष सरायच्या आत त्या विजयाचे १५ पैशांचे तिकीट बाजारात होते. क्रिकेटचा नंबर त्यानंतर लागला. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या, तेव्हा. म्हणजे आपल्या तिकिटांवर हॉकी क्रिकेटच्या आधी आली. क्रिकेटवेड्या घरातल्या मलाही हे कळले तेव्हा आनंदच झाला.

आधी चिन्ह, मग खेळणारी माणसे, मग नावानिशी चेहरा, ही वाट काही आपल्याच टपाल खात्याची नाही. खेळाची पहिली तिकिटे ग्रीसने १८९६ च्या ऑलिंपिकसाठी काढली. बारा तिकिटांचा तो संच, त्याच्या विक्रीचा स्पर्धेच्या खर्चाला हातभार लागला. पण त्यावर आहेत प्राचीन मुष्टियोद्धे, प्राचीन ग्रीक शिल्पकार मायरनचा थाळीफेक्या, चार घोड्यांचा रथ. त्या वर्षी अथेन्समध्ये प्रत्यक्ष धावलेला एकही माणूस नाही. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकच्या आठ डच तिकिटांवर मात्र त्या काळचे वल्हवणारे, धावणारे, फुटबॉल खेळणारे दिसतात. आपल्या हॉकी संघाने तिथेच पहिले सुवर्ण जिंकले, पण त्या आठांत हॉकी नाही.

मग सचिनच्या तिकिटात नवे काय? वर ज्या खेळाडूंची नावे घेतली, त्यांपैकी एकही आपले तिकीट पाहायला हयात नव्हता. सचिन त्या दिवशी मैदानावर होता, हे खरेच मोठे आहे. अर्थात जगात हेही आधी घडले होते. १९६६ मध्ये बार्बाडोस स्वतंत्र झाला, तेव्हा स्वातंत्र्याच्या तिकिटांपैकी ३५ सेंटच्या तिकिटावर गॅरी सोबर्स होता, वेस्ट इंडीजचा कर्णधार, वय तीस.

देवधर सर १०१ वर्षे जगले. महाराष्ट्राला लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून देणारा हा संस्कृतचा प्राध्यापक १९९३ च्या ऑगस्टमध्ये गेला. तिकीट आले १९९६ च्या मार्चमध्ये.