क्षेमकुशलाची चढण

टांझानियातील इरिंगा प्रांतातल्या एका डोंगरी खेड्यात स्वयंसेवक म्हणून गणित शिकवायला जाण्याचे ठरले, तेव्हा आप्तेष्टांनी मला मलेरिया आणि साप यांविषयी बजावून सांगितले. जून-जुलैत तिथे स्वेटर घालावा लागतो, हे मात्र कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. विहिरीचे पाणी, कंदिलाचा उजेड आणि मक्याच्या पिठाचा उगाली यांच्याशी माझे लवकरच जमले. जमेना ते एकच, घरापासून शाळेपर्यंत पोहोचणे.

तसे अंतर फार नाही, पण वाटेत माणसे राहतात. 'हबारी झा असुबुही?' असे सकाळचे वर्तमान विचारून सुरुवात होते. मग घरचे, मुलांचे, कामाचे, आणि समोरचा निवांत असेल तर शेताचेही. प्रत्येक प्रश्नाला 'न्झुरी', म्हणजे उत्तम, असे म्हणायचे. रात्रभर पोट बिघडून परसाकडे खेपा घातल्या असल्या तरी आधी उत्तमच म्हणावे आणि मग 'परंतु' जोडून खरी हकीकत सांगावी, असा शिष्टाचार आहे. त्यानंतर हेच सगळे प्रश्न आपण विचारायचे. पुण्यात शेजाऱ्यांशी नुसती मान डोलावून वर्षानुवर्षे निभावलेल्या माणसाची यात काय दशा झाली असेल, हे पुणेकरांना तरी सांगायला नको.

वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचे आणि त्यांनी 'मराहाबा' म्हणून ते स्वीकारायचे, हा आणखी एक पेच. डोक्यावर भरलेली बादली घेऊन ताठ चालणारी बाई चाळिशीची की साठीची, हे मागून काही केल्या कळत नाही. माझे केस पिकलेले असल्यामुळे शाळकरी मुले ओळीने मला शिकामो करतात, आणि सर्वांना मिळून एकच मराहाबा देण्याची सोय नाही. संध्याकाळी परतताना तर वाट आणखी लांबते, कारण सकाळी गोड लागणारी उलांझी, म्हणजे बांबूच्या रसाची दारू, दिवसभरात आंबून चढू लागते आणि चौकशीतला जिव्हाळा त्या प्रमाणात वाढतो.

शाळा दीड वाजता भरते. इथे तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे आपले साडेसात. एकदा बराच उशीर झाला तेव्हा मुख्याध्यापक फाटकातच उभे होते. जाब विचारला जाणार, हे उघड होते. पण जाबाआधी त्यांना माझ्या घरच्यांची, मग भारतातल्या मंडळींची आणि शेवटी तिकडच्या पावसाची खुशाली विचारणे भाग होते, आणि मलाही त्यांच्या गाईगुरांपर्यंत पोहोचणे भाग होते. तोवर पहिला तास संपल्याची घंटा झाली.

अखेर मी सायकल घेतली. वेगात जाणाऱ्या माणसाला कोणी थांबवणार नाही, असा माझा हिशेब होता. आता चढणीवरचे म्हातारबाबा घरादाराइतक्याच आस्थेने सायकलीचेही वर्तमान विचारतात, आणि ती पंक्चर होऊन मी हातात धरून ओढत असलो, तरी आधी 'न्झुरी' म्हणावे लागते.