सहा दिवसांची भाजी

काल ऋषीपंचमी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोठं पातेलं चढलं आणि नव्वद माणसांची ऋषीची भाजी झाली. अळू, माठ, दोडका, पडवळ, लाल भोपळा आणि आंबट चुका, हे सगळं सोसायटीच्या गच्चीवरच्या बागेतलं. सुरण, भेंडी आणि मक्याची कणसं विकत आणली. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, नांगर न लागलेल्या जागेतलंच खायचं, असा नियम. माझी आजी तो काटेकोर पाळायची, कारण तिच्या मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी बारमाही असायच्या. हल्ली मंडईत ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात. त्यात बैलच काय, ट्रॅक्टर, ठिबक आणि टेम्पो सगळ्यांचे कष्ट असतात. आमची निदान तेवढी बाजू भक्कम आहे. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत बैल चढवायची सोय नाही.

फोटो टाकला आणि खाली कौतुकाचा पूर आला. ‘स्वयंपूर्ण सोसायटी!’, ‘भाजीचा खर्चच वाचला की!’, ‘सगळ्या पुण्याने हे केलं तर?’ कौतुक कुणाला नको असतं? पण हे वाचताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण हिशेबाची वही मला माहीत आहे. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. खाली उतरणारी प्रत्येक जुडी ते काट्यावर ठेवतात. मिरच्यासुद्धा.

तर वही सांगते की गेल्या वर्षभरात गच्चीवर 210 किलो भाजी निघाली. आता दुसरी बाजू. आहारतज्ज्ञ माणशी रोज 400 ग्रॅम भाजी सांगतात. नव्वद माणसं, म्हणजे दिवसाला 36 किलो. 210 ला 36 ने भागा. सहा दिवसही पुरते भरत नाहीत. बाकीचे 359 दिवस आम्ही तुमच्यासारखेच पिशवी घेऊन कोपऱ्यावर.

आणि खर्च? बिया, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मांडवाच्या जाळ्या, निंबोळी अर्क, फुटलेले पाइप धरून साधारण आठ हजार. पाणी घालण्याचे महिना दोन हजार. सगळं मिळून आमची भाजी किलोला दीडशे रुपयांच्या वर पडते. होय, दुधीसुद्धा. त्यामुळे ‘गच्चीवर पिकवा, भाजीचं बिल शून्य करा’ असं सांगत रेडिमेड किट विकणारा कुणी दिसला की माझा पारा चढतो.

त्या महिना दोन हजारांची गोष्ट सांगायलाच हवी. पहिले आठ महिने तो खर्च नव्हताच, आणि आम्ही अभिमानाने सांगायचो की सगळं लोकसहभागातून चाललंय. लोक म्हणजे रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा, चहासकट. उरलेले सहा दिवस, एप्रिल-मेच्या उन्हात दोन वेळा, पाइप धरायचे आमचे वॉचमन काका. लातूरकडचे, गावी दोन एकर सोयाबीन. एकदा त्यांनीच विचारलं, ‘‘ताई, ह्याचं वेगळं काही मिळतंय का?’’ मी गप्प. आम्ही त्यांना दिवाळीत पेढे दिले होते. पुढच्याच मीटिंगमध्ये पैसे ठरले, तेही सहजासहजी नाही. सामूहिक बागेचे फोटो मी आता त्याच नजरेने बघते, की यात पाइप कुणाच्या हातात आहे?

वॉचमन काका म्हणजे मातीशी नातं सांगणारे ऋषिमुनी आहेत असा गैरसमज नको. पहिल्याच आठवड्यात पिवळी पडलेली रोपं बघून म्हणाले होते, ‘‘दोन चमचे युरिया टाका, बघा कसं उठतंय.’’ आमचा एक सेंद्रियवाला तरुण तीन दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता.

मग हे सगळं करायचं कशाला? माझं उत्तर ठाम आहे. कचऱ्यासाठी.

आमच्या चोवीस घरांतून रोज तेरा किलोच्या आसपास ओला कचरा निघतो. वर्षाला साडेचार टनांच्या वर. गेली दोन वर्षं त्यातलं काहीही गेटबाहेर गेलेलं नाही. 210 किलो आणि साडेचार टन हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, म्हणजे आमची गच्ची नक्की काय करते ते कळेल. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात राहिला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, की तेवढे दिवस आपण नाकाला रुमाल लावून ‘महापालिका काय करते’ म्हणायचो. आमच्या भाज्यांची देठं त्यांच्या दारात सडत होती, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

2016 च्या घनकचरा नियमांनी 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. आम्ही त्याच्या कितीतरी खाली, म्हणजे सक्ती नाही. सर्वसाधारण सभेत ठराव पास झाला तो पर्यावरणाच्या भाषणाने नाही. मी पंधरा मिनिटं पोटतिडकीने बोलले आणि लोक मोबाइल बघत होते. मग कुणीतरी म्हणालं, गांडूळखत प्रकल्पाला मिळकत करात सवलत असते. हात वर.

हे काही आमचं डोकं नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी वीस वर्षांपूर्वीच बाग उभी केली, आणि तिची सुरुवातही कॅन्टीनच्या कचऱ्याचं करायचं काय, इथूनच झाली होती. त्याच्याही आधी कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर ‘प्रयोग परिवार’ या शेतकऱ्यांच्या चळवळीतून सांगत होते की पालापाचोळ्यातून माती घडवता येते आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब जगू शकतं. दाभोलकरांचं नाव घेऊन ‘गच्चीवर सगळं पिकतं’ म्हणणाऱ्यांनी त्यांचं गणितही घ्यावं. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. त्यांचे दहा गुंठे एका कुटुंबाला, आणि आमची लागवडीची जागा 900 चौरस फूट, चोवीस कुटुंबांत.

माती घडवण्याला आमच्याकडे पर्यायही नव्हता. फूटभर जाडीची ओली माती चौरस मीटरला जवळजवळ अर्धा टन भरते, आणि माणसांच्या येण्याजाण्यापुरत्या साध्या गच्चीचा हिशेब चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास धरलेला असतो. आमच्या इंजिनिअरने हे सांगितल्यावर वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणून वाफे नाहीतच. कडेने, तुळयांच्या वर, क्रेट आणि अर्धे कापलेले ड्रम, खाली विटा, म्हणजे पाणी साठून गळती नको. आत कोपऱ्यावरच्या रसवंतीतलं उसाचं चिपाड, वाळका पाला, आमचं खत आणि वर जेमतेम चार बोटं माती. हलकं, आणि मुळांना हवा मिळते. चिपाड दर वर्षी बसतं, पुन्हा भरावं लागतं.

खताचं एकच सांगते, कारण सगळे तिथेच हरतात. वास येतो तो ओला कचरा जास्त आणि सुका पाला कमी म्हणून. एक बादली ओला, तर दोन बादल्या पाला, आणि आठवड्यातून एकदा उलथापालथ. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हाच वर्षाची पोती भरून ठेवायची. लोक तो पाला जाळतात आणि मग कोकोपीट विकत आणतात!

आता भाजीकडे येते, कारण तिने मला जे शिकवलं ते कचऱ्याहून अवघड होतं. पहिल्या वर्षी दुधीच्या चौदा कळ्या धरल्या. बोटाएवढ्या झाल्या, पिवळ्या पडल्या, गळल्या. कळलं की दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्याला रात्रीचे पतंग लागतात, आणि आमच्या फ्लडलाइटमध्ये ते येत नाहीत. (हे शेवटचं माझं अनुमान.) मग बँकवाले काका रोज सातला बॅटरी आणि ब्रश घेऊन वर. लांब देठाचं ते नरफूल, मागे इवलासा दुधी असतो ते मादीफूल. पोरांनी ह्याला ‘दुधीची लग्नं’ नाव ठेवलं. चौदा लग्नं लागली, दुधी वाढायला लागले, आणि फळमाशीने त्यातले अकरा डागले. आत अळ्या.

त्या दिवशी सेंद्रियवाला तरुण माझ्या कानात म्हणाला, ‘‘काकू, काही फवारता येईल का?’’

अकरा दुधी गेले म्हणून आमचं काही अडलं नाही. खाली उतरलो, कोपऱ्यावरून दुधी आणला. ज्या शेतकऱ्याचं कर्जही त्याच दुधीवर आहे, त्याला मी फवारणीबद्दल काय शहाणपण शिकवू? पूर्वी भेंडीत अळी निघाली की मी भाजीवालीला फोटो दाखवायला जायचे. आता तेवढा भाग कापून टाकते.

म्हणूनच मला वाटतं, जवळच्या, विषमुक्त अन्नाची खरी लढाई गच्चीवर नाहीच, ती खरेदीत आहे. 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, शहरात शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. आमच्याकडे शनिवारी पुरंदरकडचा एक गट क्रेट उतरवतो. ते कीटकनाशक अजिबात वापरत नाहीत, असं ते म्हणत नाहीत. कधी फवारलं आणि त्यानंतर किती दिवसांनी तोडलं, ते सांगतात. हिरव्या पानाचं चित्र छापलेल्या महागड्या पाकिटापेक्षा मला हे पटतं. चोवीसपैकी पंधरा घरं त्यांच्याकडून घेतात. वाकडी काकडी चालेल, पण आधी सांगून ऐन वेळी नाही म्हणायचं नाही, एवढाच करार. तोही पंधरातली चार घरं मोडतात. त्यांना पुढच्या मीटिंगमध्ये बोलणार आहे.

बियांचं मात्र गच्चीवर छान जमतं. पाकिटातला संकरित दोडका पहिल्या वर्षी जोरात आला. त्याचंच बी धरून लावलं तर वेलावेलाची तऱ्हा वेगळी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान वाणांच्या बियाण्यांसाठी 2020 चा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा मी बातमी वाचून पान उलटलं होतं. दोडक्याने फसवल्यावर त्यांचं काम काय आहे ते कळलं. आता वॉचमन काकांच्या गावाकडचा दोडका लावलाय. शिरा अगदी धारदार, पण चव आहे, आणि सालींची चटणी होते.

तर सोसायटीतल्या मंडळींसाठी. मांडवाच्या पश्चिमेकडच्या टोकाला लाल दोरा बांधलेले दोन दोडके आहेत. ते वेलावरच वाळू द्यायचे आहेत, बियांसाठी. कोवळे दिसले तरी तोडू नका.

परवापर्यंत तीन होते.