समलंब चौकोन: चार बाजू पुरतात का?

समलंब चौकोनाच्या चार बाजू माहीत असल्या की क्षेत्रफळ काढता येतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. 'संमुख (समोरासमोरच्या) बाजूंची एकच जोडी समांतर' ही समलंबाची माझी व्याख्या अपुरी आहे, समांतरभुज चौकोनही समलंबच धरायला हवा, हा पहिला. चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ ठरत नाही, म्हणून मी दिलेली रीत चूक, हा दुसरा. आधी दुसरा घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

नुसत्या चार बाजूंनी चौकोन पक्का होत नाही, हे मान्य. चार पट्ट्या टोकांशी खिळवल्या तर सांगाडा हलतोच. कोणत्या दोन बाजू समांतर हे मी लिहायला हवं होतं; ते राहिलं. पण तेवढं सांगितलं की सांगाडा हलायचा थांबतो.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं उदाहरण बघा: भूमी (खालची समांतर बाजू) ६०, मुख (वरची समांतर बाजू) २५, भुज (उरलेल्या दोन बाजू) ३९ आणि ५२. मुखाच्या एका टोकातून समोरच्या भुजाला समांतर रेघ काढा. एका बाजूला समांतरभुज चौकोन सुटा होतो आणि उरतो ३५, ३९, ५२ बाजूंचा त्रिकोण (६० − २५ = ३५). तिन्ही बाजू माहीत, म्हणजे त्रिकोण पक्का. अर्धपरिमिती ६३, हेरॉनच्या सूत्राने क्षेत्रफळ √(६३ × २८ × २४ × ११), म्हणजे सुमारे ६८२.४२. त्याची दुप्पट भागिले ३५, म्हणून उंची सुमारे ३८.९९५. मग ½ × (६० + २५) × ३८.९९५, म्हणजे १६५७.३.

याच चार बाजू, याच क्रमाने, चारही कोपरे एका वर्तुळावर येतील अशा बसवल्या तर कर्ण ५६ आणि ६३ येतात, ते एकमेकांना लंब असतात आणि क्षेत्रफळ होतं १७६४. तुमचा मुद्दा इथे शंभर टक्के बरोबर, फक्त हा चौकोन समलंब नाही. वरच्या दोन टोकांतून भूमीवर टाकलेले लंब सारखे, तोच समलंब. नावातच अट आहे.

(वर्गात मात्र हे उदाहरण जपून वापरा. ३९ चा भुज जवळजवळ उभा आहे, लंबाचा पाया त्याच्या खालच्या टोकापासून फक्त ३/५ एकक अंतरावर पडतो. भुजालाच उंची समजणाऱ्याचं उत्तर १६५७.५ येतं आणि चूक सापडतच नाही.)

आता व्याख्या. समांतरभुज चौकोनात समांतर बाजूंची वजाबाकी शून्य, त्रिकोणच उरत नाही आणि रीत कोलमडते. चारही बाजू ५ असल्या तर क्षेत्रफळ २५ किंवा त्याहून कितीही कमी असू शकतं. 'एकच जोडी' म्हणण्याचा उपयोग हा.

तुमची व्याख्या चूक नाही, बरेच गणिती तीच वापरतात. ½ × (समांतर बाजूंची बेरीज) × उंची हे सूत्र समांतरभुजालाही लागू पडतं. फक्त मग 'असमांतर बाजू एकरूप असलेला तो समद्विभुज समलंब' हे वाक्य बदलावं लागेल. तुमच्या वर्गीकरणात प्रत्येक समांतरभुज चौकोनाच्या बाकीच्या दोन बाजू एकरूपच असतात, पण आयत सोडला तर कर्ण सारखे नसतात. तिथे 'पायालगतचे दोन्ही कोन एकरूप' अशी अट घाला, मग समांतरभुजांपैकी फक्त आयत आत येतो.